जोगळटेंभीचा साठा: नहपानाच्या चांदीवर गौतमीपुत्राचा ठसा

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातल्या जोगळटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. सुमारे १३,२५० नाणी, आणि मुळात सगळी पश्चिम भारतातल्या क्षहरात या शक कुळातल्या नहपान राजाची. त्यांतल्या ९,२७० नाण्यांवर मात्र नंतर दुसऱ्या राजाने आपला ठसा मारलेला होता. त्यावरची ब्राह्मी अक्षरं अशी: ‘रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णीचं. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी हा साठा तपासला आणि १९०८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

दुसऱ्याच्या नाण्यावर आपला ठसा मारण्याची उदाहरणं जगभर आहेत. तरी अशा नाण्यांचा अभ्यास शिकायचा असेल तर मी याच साठ्यापासून सुरुवात करायला सांगतो. इथे मूळ नाणं ओळखता येतं, वरचा ठसा वाचता येतो आणि दोन्ही राजघराण्यांचे शिलालेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आजही उभे आहेत. शिवाय संख्या इतकी मोठी आहे की एखाद्या सुट्या नाण्याने दिलेला चकवा इथे टिकत नाही.

आधी मूळ नाणं. वजन सुमारे दोन ग्रॅम, व्यास जेमतेम दीड सेंटिमीटर. एका बाजूला राजाचा उजवीकडे पाहणारा मुखवटा आणि कडेने ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मीत ‘राञो क्षहरातस नहपानस’ आणि तोच मजकूर खरोष्ठी या वायव्येकडच्या जुन्या लिपीत. ग्रीक अक्षरांतही भाषा ग्रीक नाही. प्राकृत नावच त्या लिपीत उतरवलेलं आहे. एका नाण्यावर ही तीन लिप्यांची ओळ क्वचितच धड उमटते. साठा सापडण्यापूर्वी नहपानाची नाणी फारच थोडी माहीत होती, त्यामुळे ग्रीक अक्षरांचा अर्थ लावणं अवघड होतं. एकदम हजारो नाणी समोर आल्यावर एकावर सुरुवात, दुसऱ्यावर मध्य, तिसऱ्यावर शेवट अशी जुळणी करून पूर्ण वाचन मांडता आलं. नाण्यावर ना ‘क्षत्रप’ ही शक राज्यकर्त्यांची पदवी आहे, ना वर्ष. फक्त राजा, कुळ आणि नाव.

मुखवट्यांनी मात्र स्कॉट यांना कोड्यात टाकलं. काही चेहरे कोवळे, काही सुरकुतलेले. नाकं वेगळी, गालांची ठेवण वेगळी. एकाच माणसाची ही चित्रं असणं त्यांना पटेना, म्हणून घराण्यातल्या निरनिराळ्या व्यक्तींचे चेहरे एका नावाखाली आले असावेत असं त्यांनी सुचवलं. मला त्यापेक्षा साधं स्पष्टीकरण पटतं. राजवट लांबली, ठसे कोरणारे हात बदलत गेले, आणि प्रत्येकाने आपल्या कुवतीप्रमाणे चेहरा कोरला. ग्रीक अक्षरांचंही तेच झालं आहे. काही नाण्यांवर ती नीट वाचता येतात, तर काहींवर नुसत्या उभ्या रेघा उरतात. लिपी न कळणाऱ्या कारागिराने आधीच्या ठशाची नक्कल केली की असंच होतं.

वरचा ठसा

गौतमीपुत्राच्या ठशात एका बाजूला एकावर एक कमानी रचलेली आकृती आहे. अभ्यासक तिला चैत्य किंवा टेकडी म्हणतात. तिच्याखाली नागमोडी रेघ आणि भोवती राजाचं नाव. दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह: अधिकच्या खुणेसारख्या फुलीच्या चार टोकांना चार गोळे. दोन्ही ठसे जवळपास नाण्याएवढेच मोठे आहेत. एवढ्या तपशिलावरून पुढचं बरंच ठरतं, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

नाण्याच्या एका कोपऱ्यात छोटा छाप मारणं निराळं आणि अख्खं नाणं दोन ठशांमध्ये धरून नव्याने पाडणं निराळं. छोट्या छापाने जुना राजा जागेवरच राहतो, नव्या सत्तेची फक्त मंजुरी त्याला चिकटते. इंग्लंडमध्ये १७९७ साली चांदीची टंचाई झाली, तेव्हा स्पॅनिश डॉलरवर तिसऱ्या जॉर्जचं इवलंसं लंबगोल शीर मारून ती नाणी चलनात आणली होती. तो छाप इतका लहान होता की त्याच्या नकला झपाट्याने झाल्या. १८०४ मध्ये अष्टकोनी छाप आणून पाहिला, आणि अखेर त्याच वर्षी बोल्टनच्या सोहो टंकसाळीत डॉलर पूर्णपणे नव्याने पाडले गेले. त्या नाण्यांवर खाली दडलेली स्पॅनिश अक्षरं शोधण्याचा छंद असलेले संग्राहक आजही आहेत.

गौतमीपुत्राचं काम या दुसऱ्या जातीचं आहे. त्याने जुनं नाणं पूर्ण झाकायचा प्रयत्न केला. तरी चांदी वितळवली नाही, तयार चकती तशीच वापरली. घाव हातोड्याचा आणि चकती आधीच घडवलेली, त्यामुळे नहपान पुरता पुसला गेलाच नाही. चैत्याच्या कमानींमधून त्याचं नाक डोकावतं, उज्जैन चिन्हाच्या दोन गोळ्यांमध्ये बाणाचं टोक दिसतं, कडेला ग्रीक अक्षरांचे तुकडे राहतात. काही नाण्यांवर चैत्य राजाच्या चेहऱ्यावर पडला आहे, काहींवर बाण आणि वज्रावर. ठोकणाऱ्याने बाजू पाहून चकती ठेवलेली दिसत नाही. हजारोंनी नाणी उरकायची होती.

वितळवून नवीन नाणी का पाडली नाहीत, असं वाटणं साहजिक आहे. त्याचं उत्तर भट्टीच्या हिशेबात आहे. वितळवलं की थोडी घट येते, चांदी पुन्हा कसाला लावावी लागते, वजनाच्या चकत्या करण्यासाठी मजूर आणि कोळसा लागतो. उलट नहपानाची नाणी वजनाला सारखी होती, बाजाराला ओळखीची होती. ठशाची एक जोडी, ऐरण आणि हातोडा एवढ्यात काम भागत होतं. यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: सातवाहनांचं नेहमीचं नाणं शिशाचं, तांब्याचं किंवा पोटीन या हलक्या मिश्रधातूचं. एवढी तयार चांदी त्यांच्या हाती आली ती क्षहरातांचा मुलूख घेतल्यावर. पुढे सातवाहनांनी क्षत्रपांच्या धर्तीवर स्वतःच्या मुखवट्याची चांदीची नाणीही काढली. यज्ञ सातकर्णीचं तसं एक नाणं १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याच्या स्तूपात मिळालं. माझ्या मते त्या नाण्यांकडे जाणारी वाट या ठोकलेल्या नाण्यांवरून जाते.

ठशावरून इतिहास काढताना

साठा सापडल्यावर पहिला निष्कर्ष लगेच निघाला: गौतमीपुत्राने नहपानाला हरवलं आणि त्याची नाणी आपल्या नावाने चालवली. निष्कर्ष बहुधा बरोबर आहे. पण तो नुसत्या ठशावरून काढता येत नाही.

‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, बॅरिगाझा म्हणजे भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनांडर या ग्रीक राजांची ड्राख्म नावाची जुनी चांदीची नाणी चालत असल्याची नोंद आहे. मिनांडर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. चांदीचं चांगलं नाणं शंभर-दोनशे वर्षं फिरत राहू शकतं, हे त्यातून दिसतं. मग गौतमीपुत्राला मिळालेली नाणी नहपानाच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनीची कशावरून नसतील? हा आक्षेप पूर्वी घेतला गेला आणि तो वाजवी आहे. वरचा ठसा खालच्या नाण्यानंतरचा, इतकंच नाणं सिद्ध करतं. किती नंतरचा, हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं.

इथे साठ्याची घडण मदतीला येते. जोगळटेंभीत नहपानाची नाणी आणि त्यावर ठोकलेली गौतमीपुत्राची नाणी, याखेरीज तिसऱ्या राजाचं काही नव्हतं. मधे एक-दोन पिढ्या गेल्या असत्या तर एवढ्या मोठ्या साठ्यात नंतरच्या कुणाचं तरी नाणं शिरलं असतं. तसं झालेलं नाही, म्हणून मधलं अंतर कमी.

दुसरा पुरावा दगडातला. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, त्यांत ४१, ४२ आणि ४५ ही वर्षं येतात. जुन्नरला नहपानाचा अमात्य अयम याचा लेख ४६ व्या वर्षाचा. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राच्या १८ व्या वर्षाची आज्ञा कोरलेली आहे. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळच्या भागातल्या बेनाकटक इथल्या विजयी लष्करी तळावरून अमात्य विष्णुपालिताला कळवलं आहे की अपरकखडी गावातलं, आजवर उषभदताकडे असलेलं दोनशे निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत त्रिरश्मी म्हणजे पांडवलेण्यांच्याच डोंगरावरच्या भिक्षूंना द्यावं. उषभदत म्हणजे उषवदातच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ‘आजवर’ हा शब्द फार मोलाचा आहे. आधीच्या राजवटीतला धनी त्या जमिनीवरून नुकताच उठला आहे. तिसऱ्याच लेण्यात गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याच्या १९ व्या वर्षाचा, गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. त्यात तिच्या मुलाला ‘खखरातवसनिरवसेसकरस’ म्हटलं आहे, क्षहरातांचा वंश निःशेष करणारा.

शेताची ही आज्ञा आणि नाण्यावरचा ठसा मला एकाच धोरणाचे भाग वाटतात. शेत तेच, भिक्षू तेच, दात्याचं नाव बदललं. चांदी तीच, वजन तेच, वरचं नाव बदललं. तिसऱ्या लेण्याची घडणसुद्धा दहाव्या लेण्याच्या नमुन्यावर बेतलेली आहे. ज्या लोकांना उषवदाताच्या दानाची सवय होती त्यांच्यापुढे नव्या राजाने तीच भाषा वापरली. अभ्यासासाठी हे धोरण एकत्र पाहायला हवं. नाणेवाले नाणी पाहतात, लेखवाले लेख, आणि असा धागा हातातून निसटतो.

यातून कालाचा वाद मात्र मिटत नाही. नहपानाची वर्षं शक संवताची मानली तर ४६ वं वर्ष इसवी सन १२४ च्या आसपास पडतं. ती त्याच्या स्वतःच्या राजवटीची मानली तर तो पहिल्या शतकात मागे सरकतो, आणि पेरिप्लसमधला भडोचकडचा राजा ‘मम्बनोस’ म्हणजे नहपान हे जुळतं. नाणी या दोहोंपैकी काहीही मानलं तरी चालतात. ती क्रम सांगतात, तारीख सांगत नाहीत.

उरलेली ३,९८० नाणी

साठ्याविषयी बोलताना सगळे ९,२७० चा आकडा सांगतात. वजाबाकी करून उरलेल्या नाण्यांकडे कमी लोक वळतात. मला तीच अधिक बोलकी वाटतात.

सुमारे ३० टक्के नाणी गौतमीपुत्राच्या ठशावाचून तशीच राहिली आणि ठोकलेल्या नाण्यांबरोबर एकत्र पुरली गेली. ठसा नसलेलं नाणं नव्या राज्यात बाद झालं असतं, तर शहाण्या माणसाने इतकी नाणी ठशाविना का ठेवली असती? एक उत्तर असं की हा साठाच टंकसाळीच्या वाटेवरचा आहे: नाणी गोळा झाली, दोन तृतीयांशांहून अधिक ठोकून झाली, आणि काहीतरी घडून काम थांबलं. दुसरं उत्तर असं की बाजारात दोन्ही चालत होती, आणि धनिकाने चांदी पाहून साठवली, नाव पाहून नाही.

दोन उत्तरांतला निवाडा नाण्यावरच होऊ शकतो. ठोकलेल्या नाण्यांवर वरचा ठसा झिजलेला असेल, म्हणजे कमानींच्या कडा बोथट आणि गोळे चपटे झाले असतील, तर ती ठोकल्यावर हातोहात फिरली आहेत. वरचा ठसा ताजा आणि खालचं नाणं तेवढं झिजलेलं असेल तर ती टंकसाळीतून थेट साठ्यात आली. एकेका नाण्यावर ही झीज कळत नाही, कारण हलक्या घावाने पडलेला ठसाही झिजल्यासारखा दिसतो. शंभर-दोनशे नाणी शेजारी मांडली की फरक उघड होतो. मी दुसऱ्या उत्तराकडे झुकतो. पडलेला ठसा हा मालकीचा डंका होता. चांदीला चालायला त्याची गरज नव्हती. पुढे रुद्रदामनाच्या काळात क्षत्रपांनी पुन्हा उचल खाल्ली, गिरनारच्या लेखात त्याने दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा हरवल्याचं नोंदवलं आहे. सीमा अशा मागेपुढे होत असताना चांदीचं वजन पाहणारा सावकारच टिकतो.

एवढं धन कुणाचं असेल याचा अंदाज उषवदाताच्या लेखावरून बांधता येतो. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३,००० कार्षापण (त्या काळचं नाणं) कायम ठेव ठेवले. २,००० वर दरमहा शेकडा एक, १,००० वर दरमहा शेकडा पाऊण. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज २४० होतं, आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायचे तेही २४० च. हिशेब काटेकोर बसतो. लेखातला कार्षापण म्हणजे हेच चांदीचं नाणं मानलं, तर जोगळटेंभीचा साठा राजाच्या जावयाच्या त्या ठेवीच्या चौपटीहून मोठा आहे. वजनात पाहिलं तर जवळपास २६ किलो चांदी. हा गावच्या वाण्याचा गल्ला नव्हे. मोठी श्रेणी, तांडे नेणारा मोठा व्यापारी म्हणजे सार्थवाह किंवा सरकारी तिजोरी, यांपैकीच कुणाचा तरी असणार.

असं नाणं हाती आलं तर

साठ्यातली नाणी पुढे अनेक संग्रहालयांत आणि खाजगी संग्रहांत पांगली. बाजारातही नहपानाची ठोकलेली नाणी दिसतात, आणि त्यांत खोटी भरपूर असतात. ओतीव नकलेत खालची आणि वरची आकृती एकाच पातळीवर, सारखीच मऊ दिसते, कारण ती एका साच्यातून एकदम आलेली असते. खऱ्या नाण्यात दोन वेगळे घाव कळतात. वरच्या ठशाचा सपाट भाग जिथे बसला तिथे जुनी आकृती चेपलेली असते. ठशाच्या खोलगट जागी आणि कडेला ती वाचते. घावाने चांदी बाहेर सरकते, त्यामुळे चकतीची कड थोडी पसरते, कधी तडकते. तिसरा प्रकार अधिक धोक्याचा: मूळ नाणं अस्सल आणि वरचा ठसा आजचा. तिथे ठशाच्या खाचेत तळाशी पाहावं. बाकी नाण्यावर जुना काळपट थर आणि खाचेत पांढरी चकाकी असेल तर ते घेऊ नये. म्हणूनच नाणं घासून, लिंबू किंवा पावडर लावून साफ करू नका. थर गेला की ओळखण्याची खूणच गेली.

सराफांच्या खुणांशीही गफलत होते. मराठेशाहीतल्या रुपयांवर, अगदी चांदवडी रुपयावरही, बारीक टोचे आणि चिन्हं असतात. ती सराफाने चांदी तपासताना मारलेली, त्यांत राजसत्तेचा संबंध नाही. दोन्ही प्रकार एकाच पाकिटात टाकणारे संग्राहक मी पाहिले आहेत.

पाहण्याची पद्धत साधी आहे. दिवा एका बाजूने, अगदी तिरका धरायचा आणि नाणं हळूहळू फिरवायचं; समोरून पडणाऱ्या उजेडात खालचा चेहरा दिसत नाही. आधी वरचा ठसा बाजूला ठेवून फक्त खालचं नाणं वाचायचं: मुखवट्याची हनुवटी कुठे, बाण कुठे. मग वरचा ठसा. नोंदीत वजन दशांशासह, व्यास, चैत्य कोणत्या बाजूवर पडला, तो खालच्या चेहऱ्याशी किती फिरलेला आहे, कोणती अक्षरं शिल्लक आहेत, वरच्या ठशाची झीज, आणि नाणं कुठून आलं हे सगळं यायला हवं. ठशातली एखादी भेग किंवा वाकडं अक्षर दोन नाण्यांवर सारखं दिसलं तर ती एकाच ठशाची भावंडं. अशी भावंडं जुळवत गेलं की कामाला किती ठसे लागले हे कळतं आणि गौतमीपुत्राच्या टंकसाळीचा आवाका मोजता येतो.

‘कुठून आलं’ हा रकाना सर्वांत जास्त वेळा रिकामा राहतो आणि नुकसान तिथेच होतं. शेतात नांगराला नाणी लागली की ती वाटून घेऊन सराफाकडे सुटी विकली जातात. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवर किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनं नाणं खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. कायदा राहू द्या, अभ्यासाचंच पाहा. जोगळटेंभीची १३,२५० नाणी सुटी विकली गेली असती, तर साठ्यात तिसरा राजा नव्हता हे कळलं नसतं, आणि ठोकलेल्या व न ठोकलेल्या नाण्यांचं प्रमाणही कळलं नसतं. वरचे सगळे युक्तिवाद त्या दोन गोष्टींवर उभे आहेत.

नाशिक भागात कुणाला अशी नाणी मिळाली तर जिल्हाधिकारी कार्यालयात कळवल्यावर वाचनासाठी त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरीला, १९८० मध्ये स्थापन झालेल्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत विचारता येतं; तिथे नाण्यांचं संग्रहालयही आहे. नाणी न्यायची झाली तर एकत्र न्यावीत, आणि भांडं फुटलेलं असलं तरी त्याच्या खापऱ्यांसकट.